भिंतीखालची राहिलेली पाळी

माझ्या आत्यानं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. तिच्या लग्नाचं पोलकं एका शिंप्यानं आखूड शिवलं होतं. तो शिंपी म्हातारा झाला, दुकान त्याच्या मुलानं घेतलं, मग नातवानं घेतलं, तरी त्या दुकानावरून जाताना आत्या तोंड फिरवायची. मी एकदा म्हटलं, "अगं, या बिचाऱ्या नातवानं तुझं काय वाकडं केलंय?" तर म्हणाली, "कात्री तीच आहे." लोक तिला भांडकुदळ म्हणायचे. ते चूक होतं. भांडणारी माणसं बोलून मोकळी होतात. आत्या बोलायची नाही. ती डूख धरायची आणि वाट बघत बसायची.

तिचा सगळ्यात मोठा डूख होता तिच्या स्वतःच्या नवऱ्यावर. तो तिनं कसा धरला आणि कसा फेडून घेतला, ते मी सांगणार आहे. लोक म्हणतात, आता कशाला जुनं उकरून काढायचं? उकरायलाच हवं. माझ्या बापाला या लोकांनी मेल्यावर नावं ठेवली, तेव्हा यांना कुणी थांबवलं नव्हतं.

आम्ही गवंडी, पण नवीन घरं बांधणारे नव्हे. जुन्या दगडी इमारती दुरुस्त करणं हे आमचं काम. आजोबांनी ते मुलाला आणि मुलीला सारखंच शिकवलं. त्यांना हात हवे होते आणि बाहेरच्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. बाबा दगडाचं बघायचे आणि आत्या चुन्याचं. चुना भिजवायचा, हौदात मुरवायचा, वाळूत मळायचा, सांध्यांत दाबून भरायचा. त्यापायी तिच्या बोटांची कातडी कायमची पांढरी आणि खरखरीत झाली होती. लहानपणी तिनं गालावरून हात फिरवला की मी किंचाळायची, आणि तिला त्याचाही राग यायचा.

तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, आजोबांकडे कामाला म्हणून आले आणि जावई झाले. त्यांना दगड फारसा जमला नाही आणि चुनाही नाही, पण बोलणं असं जमायचं की साहेबलोक खूश. कामं मिळवायची आतोबांनी आणि करायची बाबांनी नि आत्यानं, अशी वाटणी होती. वाईट नव्हती ती. शिकाऊ असताना आतोबांच्या उजव्या अंगठ्याचं पेर दगडाखाली चेचलं होतं. तो अंगठा चपटा, बिननखाचा, टोकाला तिरकी खाच असलेला असा होता. ते गमतीनं म्हणायचे, "माझ्या सहीची नक्कल कुणीही करेल, अंगठ्याची करून दाखवा." तेव्हा सगळे हसायचे, बाबा सगळ्यात मोठ्यानं.

स्फोट झाला तेव्हा मी शाळेत होते. बंदरावर रसायनांचं एक गोदाम होतं, ते भर दुपारी उडालं. आधी पायाखालची जमीन हलली, मग आवाज आला, आणि त्याच्याबरोबरच खिडक्यांच्या काचा वर्गात आल्या. जमीन हलल्याबरोबर आम्ही बाकांखाली शिरलो होतो म्हणून वाचलो. घरी जाताना रस्ताभर काचाच काचा होत्या आणि माणसं बहिऱ्यासारखी एकमेकांशी ओरडून बोलत होती.

गोदामाच्या आसपासच्या नव्या घरांच्या पातळ भिंती पार उडून गेल्या, नुसते खांब उरले. बंदराची जुनी दगडी कचेरी मात्र उभी राहिली. बघायला गर्दी लोटली. पूर्वीच्या लोकांचं काम बघा, जागची हलली नाही, असं जो तो मान डोलावून सांगायला लागला. मला असल्या कौतुकाची चीड येते. ज्यांनी आयुष्यात एक दगड उचलला नाही, ते लांब उभे राहून भिंतीला शाबासकी देतात.

बाबा मला तिथं घेऊन गेले होते. त्यांनी मला कचेरीची दारं दाखवली. ती आत पडली नव्हती, बाहेर, गोदामाच्या दिशेला पडली होती. बाबा म्हणाले, "धक्का आधी ढकलतो आणि लगेच मागे ओढतो. ढकलल्यावर जे टिकतं, ते ओढल्यावर सुटतं." छप्पर उचललं जाऊन पुन्हा बसलं होतं, पण जरा सरकून. कमानीचा मधला दगड किंचित खाली उतरला होता. आत भिंतीवरचा गिलावा सोललेल्या सालीसारखा जमिनीवर पडला होता.

खरी भानगड दिसत नव्हती तिथं होती. जाड दगडी भिंत म्हणजे सलग दगड नसतो. बाहेरून घडीव दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये खडी, फुटके दगड आणि चुना यांची भर. अशी भिंत जड असते म्हणून धक्क्यानं उडून जात नाही. पण तिच्या पोटातल्या जुन्या चुन्याचा भुगा होतो आणि भर सुटी पडते. डबा आपटला की पीठ खाली बसतं, तशी ती खाली बसते आणि दोन्ही थरांना बाहेर रेटायला लागते. त्यात कचेरीच्या बाहेरच्या सांध्यांत कधीतरी कुण्या शहाण्यानं सिमेंट भरून ठेवलं होतं. त्यामुळे तोंड अगदी चकाचक, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. स्फोटानं अशी भिंत त्या दिवशी पडत नाही. ती नंतर, सगळे निर्धास्त झाल्यावर पडते.

म्हणून आमच्या घराण्यात एक रीत होती. धक्का खाल्लेल्या भिंतीला लगेच हात लावायचा नाही. प्रत्येक भेगेवर आडवी पातळ काचपट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा थापून ती पक्की करायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. पट्टी ज्यानं लावली, त्यानं ओल्या गोळ्यावर आपला अंगठा दाबायचा, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळतं. काचा बरेच दिवस शाबूत राहिल्या तरच भिंत उघडायची, म्हणजे आतली भर बदलायला पहिला दगड काढायचा. आणि रीतीतली सगळ्यात कडक गोष्ट शेवटी होती: पट्ट्या तपासून "शाबूत" असं जो सांगेल, त्यानंच पहिलं भिंतीखाली जायचं. पाठ भिंतीला लावून उभं राहायचं आणि लाकडी हातोड्यानं मागच्या मागे ठोके द्यायचे. बाकीच्यांनी काचांवर डोळे ठेवायचे. आपल्या शब्दाखाली आपण उभं राहायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं. आजोबा म्हातारपणीही थरथरत जाऊन उभे राहायचे.

कचेरीच्या समुद्राकडच्या भिंतीवर आत्यानं पट्ट्या लावल्या. आतोबांना घाई होती. बंदराच्या साहेबांना कचेरी लवकर सुरू करायची होती, आणि आतोबांनी तोंड भरून होकार देऊन ठेवला होता. मध्ये पाऊस झाला. त्यानंतर एका सकाळी काम सुरू करायचं ठरलं. आत्या चुन्याच्या हौदावर होती, म्हणून पट्ट्या आतोबांनी तपासल्या. बाबांनी विचारलं, "शाबूत आहेत ना?" आतोबा म्हणाले, "सगळ्या शाबूत."

रीतीप्रमाणे मग त्यांनीच भिंतीखाली जायला हवं होतं. पण साहेबांची गाडी फाटकात आली होती. आतोबा म्हणाले, "मी त्यांना घेऊन येतो, तोवर माझी पाळी तू उरकून टाक." मेव्हणाच तो. बाबा हसून गेले, पाठ भिंतीला लावली आणि हातोडा उचलला. दुसऱ्या ठोक्याला भिंतीचं पोट फुटलं.

आम्हाला बाबांचा चेहरा दाखवला नाही. नुसते हात दाखवले.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, तेव्हा आतोबांनी हात वर केले. ते म्हणाले, "मी सगळ्यांना थांबायला सांगितलं होतं. मेव्हण्यानं पट्ट्या न बघताच भिंत उघडली. तो नेहमी घाई करायचा." त्या वेळी फाटकाकडे गोंधळ होता, कोण काय म्हणालं हे कामगारांनी धड ऐकलं नव्हतं. ज्यांना शंका होती, ते पोटापाण्यापायी मूग गिळून बसले. झालं. सगळं खापर बाबांच्या डोक्यावर फुटलं. एवढा मोठा धमाका पचवलेली भिंत गवंड्याच्या हलगर्जीपणानं पडली, असं गाव म्हणायला लागलं. शाळेत मला "भिंतपाड्याची पोर" हे नाव पडलं. आई दुकानात गेली की बोलणी थांबायची आणि ती निघाली की पुन्हा सुरू व्हायची. आई रस्ता बदलून जायला लागली. माझ्या आईनं रस्ते का बदलायचे?

आत्याला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, भावानं खरंच घाई केली. ती त्याच्यावरही चिडली होती, मेलेल्या माणसावर. मग ढिगारा उपसायची वेळ आली. जुने दगड फेकत नाहीत, निवडून पुन्हा वापरतात. आत्या दगड निवडत होती. त्यातल्या एका दगडावर पट्टीचा गोळा तसाच चिकटून राहिला होता, त्यात काचेचा तुकडाही होता. तिनं तो उचलला. गोळ्यावर अंगठा उमटलेला होता: चपटा, नखाची खूण नाही, टोकाला तिरकी खाच. तो गोळा कडेनं सुटला होता. तिनं नखानं वरचा पापुद्रा उचलला, तर खाली दुसरा गोळा. त्याच्यावर तिचा स्वतःचा अंगठा.

सगळं तिथंच लख्ख झालं. पावसानंतर भिंत सरकली होती, आत्याची पट्टी फुटली होती. आतोबांनी ती कुणी बघायच्या आत काढली आणि जुन्या गोळ्यावरच घाईघाईत नवी लावली. आणि सवय काय असते बघा: चोरी करतानाही त्या माणसाचा हात रीत विसरला नाही. ओला गोळा दिसला आणि त्यानं अंगठा दाबला. आमच्या घराण्यात शिकलेला माणूसच हे करू शकतो. दुसरा कुणी असता तर गोळा थापून निघून गेला असता.

आत्यानं मला हे पुढे, सगळं निपटल्यावर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तू तो गोळा घेऊन साहेबांकडे का नाही गेलीस?"

"काय सांगितलं असतं त्यानं?" आत्या म्हणाली. "शिडी लागून पट्टी फुटली, म्हणून बदलली. झालं, सुटला. मला तो सुटायला नको होता. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. ज्यांच्यासमोर माझ्या भावाचं नाव घालवलं, त्यांच्यासमोर."

म्हणजे तिला एकच गोष्ट हवी होती, की आतोबांनी कामगारांसमोर आपल्या तोंडानं सांगावं. त्यासाठी ती थांबली. किती थांबली म्हणाल, तर मी शाळा संपवून तिच्या शेजारी चुना मळायला लागले, माझ्याही बोटांची कातडी पांढरी झाली, इतकी.

या काळात तिनं घर सोडलं नाही. लोकांना वाटलं, नवऱ्यापुढे बाईचं काय चालणार. ढिगाऱ्यातून गोळा घरी आणला त्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातल्या भिंतीचा थोडा भाग खणला, तो गोळा आत बसवला आणि भोवती असा चुना भरला की भिंत पाडल्याशिवाय तो निघू नये. आतोबा जेवायला बसायचे त्या जागेच्या बरोबर समोर, डोळ्यांच्या रेषेत.

पहिल्या दिवशी ते ताटावर बसले, वर बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. "हे काय लावलंयस?" त्यांनी विचारलं.

"काय ते तुम्हाला माहीत," आत्या म्हणाली. "भाजी वाढू?"

त्यानंतर या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. आतोबांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. आत्यानं ते काढून दरवाज्यामागे लावलं. त्यांनी बसायची जागा बदलली. आत्यानं ताट जुन्याच जागी मांडलं आणि तिथंच ठेवलं, गार होईपर्यंत. एकदा त्यांनी पेचकसानं तो उकरायचा प्रयत्न केला. आत्या दारात उभी राहून शांतपणे बघत होती. म्हणाली, "सावकाश. अंगठ्याला लागेल." मी तेव्हा तिथं होते. आतोबांच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो, आणि खरं सांगते, कारण माहीत नसतानाही मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

ते वाळत गेले. बाहेर मात्र तेच गोड बोलणं, तोच इस्त्रीचा शर्ट. कुणी बाबांचा विषय काढला की उसासा टाकून म्हणायचे, "हुशार होता हो, पण घाई नडली." हे वाक्य त्यांनी ज्या दिवशी आईच्या तोंडावर म्हटलं, त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली. आईला म्हणाली, "थोडं थांब." आई रडत म्हणाली, "कशासाठी थांबायचं ते तरी सांगा." आत्यानं सांगितलं नाही. चुना मुरल्याशिवाय ती कधी वापरायची नाही.

कचेरी टेकूंवर उभी होती. बऱ्याच काळानं ती नीट बांधून घ्यायचं ठरलं आणि चुन्याचं काम जाणणारे दुसरे कुणी नसल्यामुळे ते पुन्हा आतोबांकडे आलं. आत्या कामावर आली. भावाच्या रक्तावर पाय देऊन पोट भरते, असं बायका बोलल्या. आत्यानं ऐकून घेतलं. त्या बायका कोण, हे तिनं लक्षात ठेवलं असणारच.

पडली ती समुद्राकडची भिंत. आता काम होतं शहराकडच्या भिंतीचं. ती स्फोटाकडे पाठ करून होती, तिला धक्का कमी आणि ओढ जास्त बसली होती. तिच्यावर काही बारीक भेगा होत्या. आत्यानं प्रत्येक भेगेवर पट्टी लावली आणि अंगठा दाबला. मग आम्ही थांबलो. पावसाळा गेला. गोळे वाळून हाडासारखे पांढरे झाले. रोज सकाळी मी काचा बघायची. एकही तडकली नाही. आत्या लाकडी हातोड्यानं भिंत वरपासून खालपर्यंत वाजवून बघायची.

भिंत उघडायच्या दिवशी आम्ही दोघी लवकर पोचलो. मी चुन्याकडे गेले. सगळे कामगार जमले: बाबांबरोबर काम केलेला म्हातारा पाथरवट, चार-पाच नवे गवंडी, बिगारी बायका. त्यांत माझी आईही होती. आत्यानंच तिला त्या दिवशी वाळू चाळायला बोलावलं होतं. बंदराचा इंजिनिअर होता. तो भला माणूस होता, रीत ठाऊक असल्यामुळे मागे उभा होता. आतोबा आले, नव्या शर्टात.

आत्यानं पट्ट्या तपासल्या आणि मोठ्यानं सांगितलं, "शाबूत."

"मग जा," आतोबा म्हणाले. "सांगणाऱ्यानं जायचं असतं."

"जाते ना," आत्या म्हणाली. "पण माझ्या आधी एक पाळी बाकी आहे. पडलेल्या भिंतीला शाबूत कोण म्हणालं होतं?"

आतोबा शर्टाची बाही सारखी करायला लागले.

"तुम्ही चौकशीत काय सांगितलं ते राहू द्या," आत्या म्हणाली. "त्या सकाळी पट्ट्या तपासायला तुम्ही शिडीवर चढला होता, हे या म्हाताऱ्यानं बघितलंय. तपासणाऱ्यानं जायचं असतं. तुमची पाळी माझ्या भावानं केली. ती तुमच्याकडे बाकी आहे. ती करा, मग मी माझी करते."

म्हाताऱ्या पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. "शिडीवर तुम्हीच होता, मालक," तो म्हणाला. "पाळी तुमचीच होती. तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"अरे, असल्या जुन्या खुळांत काय वेळ घालवताय!" आतोबा हसून म्हणाले. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि आपल्याच कामावर भिंतीखाली जायला कचरणाऱ्या मालकाच्या हाताखाली आमच्यातलं कुणी काम करत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हातोडा घेतला आणि निघाले. चालताना त्यांची नजर सवयीनं पट्ट्यांवर फिरली. पांढरा गोळा, पांढरा गोळा. भिंतीच्या मधोमध, बरोबर जिथं पाठ लावायची तिथल्या भेगेवर, एक गोळा करडा होता. ओला. आत्याचा अंगठा त्यावर ताजा होता.

आतोबा जागच्या जागी थिजले.

बाकी कुणाला त्यात काही दिसलं नाही. ओला गोळा म्हणजे काय असू शकतं, हे तिथं फक्त दोघांना माहीत होतं.

"ही पट्टी बदललीय," ते म्हणाले.

"हो. शिडी लागून फुटली. बदलली," आत्या म्हणाली. "काच शाबूत आहे की नाही?"

"आज सकाळी बदललीस तू!"

"मग? पट्टी बदलली की काय होतं?"

आतोबा मागे सरकले. हातोडा खाली पडला. "मी नाही जाणार," ते म्हणाले. "ही मला मारायला टपलीय. हिनं फुटकी पट्टी काढून नवी लावलीय. भिंत सरकलीय, तुम्हाला कळत नाही, ही माझा जीव घेणार!"

"मी तुझा जीव का घेईन?" आत्या म्हणाली. आयुष्यभर अहो-जाहो केलेल्या माणसाला ती पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. "सांग की. सगळे उभे आहेत. बायको नवऱ्याच्या जिवावर का उठेल? काहीतरी कारण असेल ना. सांग."

आतोबा पाथरवटाकडे बघायला लागले, मग इंजिनिअरकडे, मग जमिनीकडे.

"जा नाहीतर सांग," आत्या म्हणाली. "दोन्हीतलं एक कर."

तेव्हा माझी आई पुढे झाली. हातात चाळणी तशीच होती. "भाऊजी," ती म्हणाली, "कारण सांगा ना."

त्यांनी आईकडे बघितलं आणि तिथंच बसले, मातीत, नव्या शर्टासकट. मग तोंडातून शब्द सांडायला लागले. "पावसानंतर पट्टी फुटली होती. मी बदलली. मला वाटलं, एवढा धमाका सोसलेली भिंत हातोड्याच्या ठोक्यानं काय पडते. त्यानं मला विचारलं होतं. मी शाबूत म्हणालो. त्यानं काही घाई केली नव्हती. माझ्या पाळीला गेला तो. नंतर मी घाबरलो आणि त्याच्यावर ढकललं."

"मोठ्यानं," आत्या म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यांनी ते सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. "त्याचा काही दोष नव्हता," हे वाक्य तिनं त्यांच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं, आईकडे तोंड करून. मला ते संपायला नको होतं.

मग आत्या वळली, पडलेला हातोडा उचलला, सरळ भिंतीपाशी गेली आणि त्या ओल्या गोळ्याखाली पाठ लावून उभी राहिली. आई ओरडली. आत्यानं मागच्या मागे ठोका दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. भिंत घट्ट, भरीव वाजली. एकही काच तडकली नाही. त्या भिंतीला काहीही झालेलं नव्हतं. सकाळी आत्यानं मधली चांगली पट्टी स्वतः थापीनं फोडली होती आणि जागेवर दुसरी लावली होती, एवढंच. आतोबा धडधाकट भिंतीला घाबरून मातीत बसले होते.

"उघडा," आत्या पाथरवटाला म्हणाली. "चुना वाळतोय."

इंजिनिअरनं चौकशी पुन्हा उघडायला लावली, आणि बाबांच्या नावावरचा डाग निघाला. त्याआधीच, त्याच संध्याकाळी, सगळे कामगार आमच्या घरी आले आणि आईसमोर मान खाली घालून उभे राहिले. आईनं त्यांना बसायला सांगितलं नाही. मला ते आवडलं. त्यानंतर ती दुकानात जुन्या रस्त्यानं जायला लागली.

आतोबांच्या हाताखाली पुन्हा कुणी थापी धरली नाही. ते दूर आपल्या भावाकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. निरोप आला तेव्हा आत्या चुना चाळत होती. "बरं," म्हणाली आणि चाळत राहिली. कचेरी अजून उभी आहे. स्वयंपाकघरातला गोळाही अजून आहे. मी म्हटलं, "आता तरी काढून टाक," तर म्हणाली, "कशाला? चांगला बसलाय."

तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी होते. एक प्रश्न माझ्या मनात कधीपासून होता, तो मी विचारला. "आत्या, त्या दिवशी आतोबा कचरले नसते, सरळ जाऊन भिंतीखाली उभे राहिले असते तर? भिंत तर चांगली होती. त्यांना काहीच झालं नसतं. मग तू काय केलं असतंस?"

तिनं पांढरी बोटं पांघरुणावर सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं तिच्याजवळ राहून असं कसं विचारते, असं तिला वाटलं असावं.

"दुसरी भिंत शोधली असती," ती म्हणाली.